फिस्स

दुसऱ्या नळीचा नट आवळताना तो आवाज आला. फिस्स. पापणी लवावी तेवढाच. एका हातात एक पाना, दुसऱ्या हातात दुसरा, दोन्ही मनगटांना रग लागलेली, आणि पुस्तिकेत ठळक अक्षरांत बजावलेलं, की एकदा आवळायला घेतलं की मध्ये थांबायचं नाही. मी थांबले नाही. पण पहिल्या दोन आट्यांमध्येच नट किंचित तिरका बसलाय हे बोटांना कळलं होतं, तो सरळ करताना हात अडखळला, आणि तेवढ्यात आवाज येऊन गेला. बाबा समोर गुडघे टेकून नळी धरून बसले होते. ड्रिलचा त्रास नको म्हणून सकाळीच त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं होतं. नट पक्का बसला तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "झालं?"

"झालं," मी मोठ्यानं म्हटलं. "काही नाही, झालं."

ते 'काही नाही' मला रात्रभर टोचत राहिलं. खोली तापवायचं नवं यंत्र चालू झालं होतं. बाबांच्या खोलीत ऊबदार हवा येत होती, आतलं युनिट इतकं हळू चालत होतं की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. तरी मी अंथरुणात पडून तो अर्ध्या सेकंदाचा आवाज पुन्हापुन्हा ऐकत होते. या यंत्रात गॅस जळत नाही, संपत नाही. एकदा भरला की तोच तो, नळ्यांमधून फिरत राहतो, यंत्राचं आयुष्य सरेपर्यंत. म्हणून तो बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर ग्रॅममध्ये मोजून लिहिलेला असतो. आमच्या यंत्रात किलोच्या आतबाहेर आहे. त्यातला किती गेला असेल? चिमूटभर? चमचाभर? जो वायू दिसत नाही, ज्याला वास नाही, त्याचा अंदाज कानानं कसा करायचा? दुसऱ्या कुणी बसवलं असतं तर मी हा आवाज ऐकलाही नसता, आणि निवांत झोपले असते. स्वतः केलेल्या कामात चूक कुठे असू शकते हे आपल्याला नेमकं ठाऊक असतं, अगदी कुठल्या नटाशी, कितव्या आट्याला, इथवर.

खोली उत्तरेची, कोपऱ्यातली, दोन भिंती बाहेरच्या अंगाला. बाबांना तीच हवी असते, कारण खिडकीतून झाड दिसतं. हिवाळ्यात ते त्या खोलीत स्वेटरवर स्वेटर आणि वर शाल घेऊन बसायचे, आणि पायाशी कॉइलचा हीटर. तो लाल झाला की नडगी भाजायची आणि पाठ तशीच गार राहायची. त्यातून नाक कोरडं पडायचं, रात्री खोकला. बिल बघून बाबा गुपचूप हीटर बंद करायचे आणि मी विचारलं की म्हणायचे, "नको वाटला." मी हे दोन हिवाळे पाहिलं. मग स्प्लिट एसीसारखं दिसणारं पण उलटं चालून खोली तापवणारंही, हवेच्या मोठ्या पाइपांची (डक्टची) गरज नसलेलं हीट पंपाचं यंत्र घ्यायचं ठरवलं. त्यात एक प्रकार असा मिळतो, की ज्याला मेकॅनिक बोलवावा लागत नाही. नळ्या कारखान्यातूनच गॅससकट सीलबंद येतात, आपण फक्त जोडायच्या. हे वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते पैसे वाचण्याचं नव्हतं. बाबांच्या खोलीतलं काम बाबांनी आणि मी मिळून करावं, असं मला फार वाटलं. घरातला नळ, फ्यूज, सायकल, इस्त्री, सगळं त्यांनीच दुरुस्त केलं आयुष्यभर. मी शेजारी बसून स्क्रू सांभाळायचे.

आधी मात्र माझा विश्वासच बसेना. कॉइलचा हीटर एक युनिट वीज खातो आणि एक युनिट ऊब देतो, त्याहून जास्त देणं त्याला शक्यच नाही. हे यंत्र एका युनिटात तीन-साडेतीन युनिट देतं, असं म्हणतात. पारा शून्याच्या बराच खाली गेला तर दोनच्या आसपास येतं, पण तरी हीटरच्या दुप्पट. हे येतं कुठून? मी कागदावर आकडे मांडून बसले होते, तर बाबा म्हणाले, "सायकलचा पंप आठवतो का तुला?"

आठवला. मी सात-आठ वर्षांची असेन. बाबा सायकलमध्ये हवा भरायचे आणि मी पंपाच्या बुडाशी हात लावून बसायचे, कारण तिथे तो गरम व्हायचा. चांगला चटका बसावा इतका. मला वाटायचं, बाबांच्या हातातली ताकद खाली जाऊन साठते. ते हसून म्हणायचे, हवा दाबली की तापते, आणि सोडली की गार पडते. मग व्हॉल्व्हची पिन दाबून माझ्या गालावर हवा सोडायचे. गार. एवढंच आहे त्या यंत्रात, ते म्हणाले. त्यांना फ्रीज माहीत होता, आणि हे म्हणजे खोलीकडे पाठ केलेला फ्रीज. आई पावसाळ्यात आमचे ओले मोजे फ्रीजच्या मागे जाळीवर वाळत घालायची, तेव्हा ती खरं म्हणजे भाजीपाल्यातली ऊब काढून मोजे वाळवत होती. इतकी वर्षं ते मोजे पाहिले, पण या नजरेनं कधी पाहिलं नाही.

पुढे मी वाचत गेले तशी गोडी लागली. आमच्या यंत्रातला वायू आर-32. तो उणे 52 अंशांच्या आसपासच उकळतो. म्हणजे बाहेर गोठवणारी उणे 5 अंशांची हवा असली, तरी त्या वायूच्या लेखी ती तापलेली चूल आहे. बाहेरच्या युनिटमध्ये तो थंडगार द्रव त्या हवेतली ऊब पिऊन उकळतो, वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, की ती चांगली चटका बसेल इतकी तापते. मग ती आत येऊन आपली ऊब खोलीला देते आणि पुन्हा द्रव होऊन बाहेर जाते. वीज जळते ती ऊब तयार करायला नाही, वाहून आणायला. हे पहिल्यांदा नीट मांडलं ते 1852 साली विल्यम थॉमसन यांनी, ज्यांना पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखू लागले. त्यांनी हवेच्या झोतानं इमारती तापवण्या-गारवण्याचा विचार मांडला. ज्या माणसाच्या नावानं आपण निरपेक्ष तापमान मोजतो, त्यालाच हे सुचावं यात मला नवल वाटलं नाही. त्या मापावर बर्फाच्या बिंदूलाही 273 अंश असतात. थंडी म्हणून काही वेगळी वस्तू नाही, कमी ऊब आहे एवढंच. त्याच दशकात ऑस्ट्रियातल्या एबेन्से इथे पीटर फॉन रिटिंगर यांनी मिठाचं पाणी आटवायला असं यंत्र चालवलं. आणि 1938 मध्ये झुरिकच्या टाऊन हॉलमध्ये तर लिम्मात नदीच्या गार पाण्यातून ऊब काढून कचेऱ्या तापवल्या. मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नदीतून."

किती टनाचं घ्यायचं यावर आमचे दोन दिवस गेले. टन म्हणजे वजन नव्हे, हे मला माहीत होतं, पण ते कुठून आलं ते बाबांनी सांगितलं: बर्फाची कारखानदारी होती त्या काळात, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी ऊब ओढून घेतो तितकी, म्हणजे तासाला 12,000 बीटीयू (ऊब मोजायचं एकक), साडेतीन किलोवॅट. मोठं घेऊन ठेवावं असं मला वाटत होतं, आपल्या माणसाला कमी पडायला नको म्हणून. पण मोठं यंत्र छोट्या खोलीत वारंवार चालू-बंद होत राहतं, खोली कधी तापते कधी निवते, उन्हाळ्यात हवेतला दमटपणाही नीट काढत नाही. बाबांनी टेप घेऊन भिंती मोजल्या, खिडकी मोजली, दाराखालच्या फटीत बोट घालून पाहिलं. आधी फट बुजवली. मग 9,000 चं पुरेल असं ठरलं.

भिंतीला भोक पाडायचा दिवस मला सगळ्यात जड गेला.

स्वतःच्या घराच्या भिंतीला आरपार, वाडग्याच्या तोंडाएवढं भोक. आधी आतलं युनिट टांगायची पट्टी पाणसळ लावून बसवली. बाबांनी पाणसळीतला बुडबुडा मध्ये येईपर्यंत पट्टी केसभर वर, केसभर खाली करायला लावली. मग भिंतीत वायर किंवा पाइप नाही याची खात्री केली, बारीक ड्रिलनं वाट पाहिली, आणि मग मोठं कटर लावलं. भोक आडवं सरळ पाडायचं नाही, बाहेरच्या बाजूला किंचित ढाळ द्यायचा, म्हणजे उन्हाळ्यात आतल्या युनिटचं पाणी भिंतीत न मुरता बाहेर पडतं. लाल धूळ हातावर, केसांत, दातांखाली. ड्रिल एका क्षणी एकदम हलकं झालं आणि पुढे सरकलं. कटर मागे घेतलं तर भिंतीत उजेडाचा एक गोल, आणि त्यातून चाकूसारखी गार हवा. मी बाहेर जाऊन पाहिलं. पलीकडून बाबांचा एक डोळा माझ्याकडे बघत होता. मग तो डोळा गेला आणि त्या जागी त्यांचा तळहात आला. भोकावर हात दाबून ते उभे होते, खोली गार पडू नये म्हणून. मी आत जाऊन चिंध्यांचा बोळा करून देईपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.

तांब्याच्या नळ्या फोमच्या आवरणात, वेटोळं करून आल्या होत्या. वेटोळं ओढून सरळ करायचं नाही. चटई उलगडावी तसं जमिनीवर लोळवत उलगडायचं. तांबं पहिल्यांदा वाकतं तेव्हा लोण्यासारखं वाकतं, पण वाकवलेल्या जागी ते कडक होतं, आणि तिथेच पुन्हापुन्हा वाकवलं तर चिंबतं किंवा तडकतं. हे पुस्तिकेत एका ओळीत होतं. बाबांच्या हातांना ते आधीच माहीत होतं. अंगठे आतून, बोटं बाहेरून, मांडीचा आधार, आणि एकाच दमात मोठा बाक. त्यांचे हात आता थरथरतात; पेला धरला तर पाणी हिंदकळतं. नळी वाकवताना ते थरथरले नाहीत. मी पाहत होते आणि मला लहानपणीसारखं स्क्रू सांभाळावेसे वाटले. शेवटी नळी गरजेपेक्षा लांब उरली, कापायची तर नाहीच, म्हणून बाहेरच्या युनिटमागे तिचं वेटोळं केलं, आडवं ठेवून. उभं ठेवलं तर वायूबरोबर फिरणारं कॉम्प्रेसरचं तेल खालच्या वळणात साचून राहतं.

आणि मग तो दुसरा नट.

मेकॅनिक येतो तेव्हा तो नळ्या जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली सगळी हवा ओढून घेतो. हवेतला दमटपणा आत राहिला तर तेलाशी मिळून आम्ल होतं आणि ते हळूहळू कॉम्प्रेसर खातं. शिवाय बऱ्याच देशांत हा वायू हाताळायला प्रमाणपत्र लागतं, आणि ते बरोबरही आहे. आमच्या प्रकारात ती पायरी कारखान्यातच उरकलेली. नळीच्या तोंडाशी झडप, नट आवळला की ती आतल्या आत उघडते. म्हणूनच न अडखळता आवळायचं. अडखळलं की झडप अर्धी उघडी आणि नट अर्धा मिटलेला, असा एक क्षण मिळतो, आणि त्या क्षणातून जे जायचं ते जातं. मला ते जाणं एवढं का लागलं, तर मी आकडे वाचले होते. आर-32 ओझोनला धक्का लावत नाही. जुन्या वायूंनी ओझोनची चाळण केल्यावर 1987 च्या माँट्रियल करारानं ते बंद होत गेले. पण हवा तापवण्याच्या बाबतीत आर-32 कार्बन डायऑक्साइडच्या 675 पट जड आहे. आधीचा आर-410ए तर 2,088 पट होता. 2016 मध्ये रवांडातल्या किगालीला देशांनी अशा वायूंचा वापर कमी करत न्यायचं ठरवलं ते त्यामुळेच. म्हणजे माझ्या हातून एक ग्रॅम निसटला असेल, तर 675 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. वर्षभरातल्या विजेच्या बचतीपुढे हे काही नाही, हा हिशेबही मी केला. तो खरा आहे. तरी मी बाबांना 'काही नाही' म्हटलं होतं, आणि ते या हिशेबात कुठे बसत नव्हतं.

त्याच संध्याकाळी साबणाचं पाणी करून ब्रशनं चारही सांध्यांना लावलं आणि टॉर्चच्या उजेडात बघत राहिले. चालू यंत्रात जास्त दाबाच्या बाजूला गाडीच्या टायरच्या दहापट दाब असतो. सुईएवढी फट असली तरी बुडबुडे फुगतात. एकही फुगला नाही. विजेची जोडणी मी केली नाही, ती परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली, स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, बाहेर युनिटजवळ बंद करायचा स्विच, अर्थिंग. जिवाशी गाठ असलेल्या कामात हौस आणायची नाही, हे बाबांनीच आधी बजावलं होतं.

पहिल्या कडक थंडीत, पहाटे, बाबांनी हाक मारली. "अगं, धूर! बाहेर धूर येतोय!" मी धावत गेले. बाहेरच्या युनिटमधून पांढरे लोट वर चढत होते, पंखा थांबलेला, आणि आतून 'सूंऽऽ' असा लांब आवाज. माझ्या पोटात गोळा आला. तो नट, मला वाटलं. खिडकीत उभं राहून मी नाक लावून वास घेतला. कसलाच वास नव्हता. मग आठवलं. ऊब ओढून ओढून बाहेरच्या जाळीवर बर्फ धरतो, आणि तो वितळवायला यंत्र थोडा वेळ उलटं चालतं. खोलीतली ऊब परत बाहेर पाठवतं. तो धूर नव्हता, बर्फाची वाफ होती. पाच-सात मिनिटांत लोट विरले, एक झडप खट्ट झाली, पंखा फिरू लागला. मी बाबांना सांगितलं तेव्हा ते खिडकीशी उभे राहून शेवटचा लोट जाईपर्यंत बघत होते. अंगावर एकच स्वेटर होता. शाल खुर्चीवर होती.

आता याला एक हिवाळा झाला. परवा थंडी सुरू व्हायच्या आधी मी पुन्हा साबणाचं पाणी घेऊन बाहेर गेले. जाळीतली वाळकी पानं काढली, आतल्या युनिटच्या जाळ्या धुऊन वाळत ठेवल्या. बाबा टॉर्च घेऊन आले. या वर्षी त्यांच्यानं खाली बसवत नाही, म्हणून स्टूल आणलं. मी पहिल्या नटाला फेस लावला, पाहिलं, दुसऱ्याला लावला आणि जरा जास्तच वेळ पाहत राहिले. फेस तसाच, गप्प.

"त्या दिवशी किती गेला होता गं?" बाबा म्हणाले.

मी वळून पाहिलं. "तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"ऐकू कुठलं येणार, यंत्र खिशात होतं." त्यांनी टॉर्च दुसऱ्या हातात घेतली आणि उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्यापुढे धरलं. त्या दिवशी मी त्यांना हातमोजे दिले होते. नळीची पकड जाणवत नाही म्हणून त्यांनी ते काढून ठेवले होते. "इथे गार लागलं. एकदम. सायकलच्या व्हॉल्व्हसारखं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू झालं म्हणालीस ना," ते म्हणाले, आणि उजेड पुन्हा नटावर धरला. "परत एकदा लाव त्या दुसऱ्याला. खालच्या अंगानं राहिलंय."

मी ब्रश बुडवला आणि खालच्या अंगानं लावला.